ओढ्याचा नकाशा कुणी काढायचा?

सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर अजूनही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तळं काही दिसत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते आणि दरवर्षी नववीच्या वर्गाला विचारते, हे तळं गेलं कुठे? कुणी म्हणतं आटलं, कुणी म्हणतं नुसतं नावच असणार. खरी हकीकत अशी, की नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी हे तळं झालं. पुढे तळं बुजलं, त्याची बाग झाली. ओढा मात्र कुठेही गेला नाही. तो आजही कात्रजच्या डोंगरातून निघतो, कात्रजच्या तलावातून खाली उतरतो, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत दांडेकर पुलाखालून जातो आणि मुठेला मिळतो.

बहुतेकांना तो 'नाला' म्हणूनच माहीत असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो पुन्हा ओढा झाला. शहर आणि आसपासच्या भागात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं दगावली. गाड्या काडेपेट्यांसारख्या एकावर एक चढल्या होत्या, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. दुसऱ्या दिवसापासून एकच वाक्य ऐकू येत होतं, "इथे एवढं पाणी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं."

आज मला या 'कुणालाच'बद्दल लिहायचं आहे. कारण पाणी कुठून येणार हे नकाशाला माहीत होतं. आणि ते कुठे अडणार हे तिथे राहणाऱ्या माणसांना माहीत होतं. या दोन्ही माहित्या एका कागदावर कधी आल्याच नाहीत. त्या एकत्र आणण्याचं काम शाळेतली मुलं करू शकतात, असं माझं अनुभवावरून बनलेलं मत आहे.

आधी नकाशाला काय माहीत असतं ते सांगते.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे. प्रत्यक्षात क्षेत्रभेट म्हणजे बस ठरवायची, महाबळेश्वर नाहीतर कोकण, भेळ खायची आणि आल्यावर अहवाल एकमेकांचा उतरवायचा. दहावीला तर तेवढाही वेळ नसतो. म्हणून आम्ही हा धडा नववीतच, शाळेपासून चालत जाता येईल अशा ओढ्यावर करायचं ठरवलं. बसचा खर्च वाचला म्हणून मुख्याध्यापक खूश.

लागणारं सगळं साहित्य फुकट मिळतं, हे अनेक शिक्षकांना अजून माहीत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाला २५० वर्षं झाली तेव्हा, २०१७ साली, १:५०,००० चे स्थलनिर्देशक नकाशे नागरिकांना मोफत उतरवून घेता येतील अशी सोय झाली. इस्रोचं 'भुवन' २००९ पासून आहे, त्यात शाळांसाठी वेगळा विभागही आहे. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि शाळेच्या जुनाट कम्प्युटरवरही रडतखडत का होईना चालतं. जमिनीची उंची हवी असेल तर फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केलेली मोजणी आहे. साधारण तीस मीटर बाय तीस मीटरच्या प्रत्येक चौकोनाची एक उंची.

हे उंचीचे आकडे घेऊन कम्प्युटरला एकच प्रश्न विचारायचा : या चौकोनावर पडलेलं पाणी शेजारच्या कुठल्या चौकोनात उतरेल? मग त्याच्या शेजारच्या, मग त्याच्या. असं करत गेलं की ओढे आपोआप उमटतात. मग दांडेकर पुलावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, इथे पोचणारं पाणी कुठून कुठून येतं? पडद्यावर एक लांबोळा आकार रंगतो. कात्रजच्या घाटापर्यंत. तो आकार म्हणजे आंबील ओढ्याचं पाणलोट क्षेत्र.

पहिल्या वर्षी हा आकार रंगला तेव्हा धनकवडीला राहणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे आमच्या गच्चीवरचं पाणीसुद्धा यातच?" मी पाणलोट क्षेत्राची व्याख्या कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे, पण ती या एका वाक्यात जितकी कळली तितकी माझ्या खडूने कधी कळली नव्हती. वरच्या अंगाला राहणारे आपण ओढ्यापासून लांब आहोत असं समजतो. प्रत्येक काँक्रीटचं पार्किंग, प्रत्येक फरशी घातलेलं अंगण मातीत मुरणारं पाणी खाली पाठवतं, आणि तेही लवकर पाठवतं. पाऊस तेवढाच पडला तरी ओढ्याला चढायला आता पूर्वीइतका वेळ लागत नाही.

पण इथेच नकाशाची मर्यादाही कळते. तीस मीटरच्या चौकोनात चार मीटरचा ओढा दिसत नाही. एका सोसायटीची नऊ इंची भिंत तर दिसण्याचा प्रश्नच नाही. स्लॅब टाकून झाकलेला नाला उपग्रहाला रस्ता वाटतो. पुलाखाली अडकलेली गादी आणि नारळाच्या झावळ्या अवकाशातून कुणी मोजत नाही. पाणी कुठून येणार हे वरून दिसतं. ते कुठे अडतं हे बघायला पायी जावं लागतं.

म्हणून आम्ही पायी गेलो. पावसाळा संपल्यावर, पालकांच्या सह्या घेऊन, ओढ्यात न उतरता फक्त काठाने. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाकडे एक फोन, एक मोजपट्टी आणि एक वही. फोनचं जीपीएस मोकळ्यावर चार-पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं, उंच इमारतींच्या गल्लीत जास्त चुकतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक ओळखीची खूणही लिहायची : पिंपळ, डीपी, पिठाची गिरणी.

सुरुवातीला मुलं पूल, कचरा, सांडपाण्याचे पाइप, भिंती नोंदवत होती. मग एका गटाला दुकानाच्या दारात बसलेल्या आजोबांनी हाक मारली, काय मोजताय म्हणून विचारलं, आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हाताने दाखवलं. मुलांनी तिथे मोजपट्टी लावली. रस्त्यापासून चार फूट दोन इंच. तिथून आमचा सगळा कार्यक्रमच बदलला.

पुढचे तीन शनिवार मुलांनी एकच प्रश्न घेऊन दारं वाजवली : "त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं?" लोक भरभरून सांगायचे. मोरीच्या कट्ट्यापर्यंत. देवघराच्या फळीपर्यंत. स्कूटरची सीट बुडेपर्यंत. एका काकूंनी फ्रिजच्या दारावरची मातीची रेघ पुसलीच नव्हती. मुलं मोजायची, वेळही विचारायची. सरकारी पर्जन्यमापक पाऊस किती पडला ते सांगतो. या भिंती तो पाऊस गल्लीत कसा शिरला ते सांगत होत्या.

सगळे ठिपके नकाशावर टाकल्यावर एका ठिकाणी मुलं अडली. एकाच गल्लीत, चाळीस-पन्नास पावलांच्या अंतरात, एकीकडे छातीभर पाणी आणि दुसरीकडे गुडघाभर. उतार बघितला तर फारसा फरक नाही. पुन्हा जाऊन बघितलं तर मधे एक आडवी भिंत. भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं होतं. कुठल्याही उंचीच्या नकाशात ती भिंत नव्हती. चौदा वर्षांच्या पोरांनी ती शोधली, एका फोनवर आणि एका मोजपट्टीवर.

तंत्रज्ञान, तंत्रज्ञान म्हणून आपण ज्याचा गवगवा करतो त्यातलं शिक्षण मला इथे दिसलं. ठिपका टाकणं कुणीही शिकतं. दोन ठिपके जुळत नाहीत हे खटकणं आणि परत जाऊन बघणं, याला भूगोल म्हणायचं.

आता दुसरी बाजू. हे सगळं कौतुकाने स्वीकारलं गेलं असं नाही.

एका पालकांचा फोन आला. आवाज सभ्य, पण मुद्दा स्पष्ट : "मॅडम, आमची सोसायटी त्या नकाशात नको. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?" त्यांच्या जागी मी असते तर मलाही ही काळजी वाटली असती. आयुष्यभराची कमाई त्या चार भिंतींत आहे. दुसऱ्या टोकाला, ओढ्याकाठच्या वस्तीत एका ताईंनी मुलांना थेट विचारलं, "मोजून काय करणार? आमची घरं पाडायला येणार का कुणी?" मुलं गप्प झाली. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही तयार उत्तर नव्हतं.

कारण ही भीती खोटी नाही. मोजणीदार आला की लोकांना धसका बसतो, हे आपल्या जिल्ह्याला जुनं आहे. इंग्रजी अमलात १८२८ च्या सुमारास प्रिंगल यांनी पुण्याच्या मुलखात जमिनीची मोजणी केली. मोजणीत गडबडी, त्यावर बेतलेला सारा डोईजड, आणि लोकांनी शेतं टाकून दिली. शेवटी १८३६ च्या आसपास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने मोजणी सुरू केली. नकाशा काढणारा एक, आणि त्याचं ओझं वाहणारा दुसरा, असं झालं की नकाशा म्हणजे संकटच वाटणार.

याच्या उलट उदाहरणही पुण्यातच आहे. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांच्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने २००० च्या सुमारास शहरातल्या झोपडपट्ट्यांच्या गणनेत जीआयएस वापरलं. त्या कामात वस्तीतल्याच बायकांच्या बचत गटांचं संघटन सोबत होतं. घर कुठलं, माणसं किती, नळ कुठे, संडास कुठे, हे वस्तीच्या नकाशावर आलं. पुढे याच पद्धतीने कुठल्या घरात संडास नाही आणि ड्रेनेजची लाइन जवळून कुठून जाते हे बघून घरोघरी संडास बांधण्याचं काम झालं. म्हणजे तोच नकाशा, पण ज्याचं घर त्याच्या हातून, आणि त्याच्या उपयोगासाठी. त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला यात सापडलं.

आम्ही मग दोन नियम केले. घराचं, सोसायटीचं नाव लिहायचं नाही, ठिपका रस्त्यावर ठेवायचा. आणि नकाशा तयार झाला की आधी तो त्या गल्लीत नेऊन दाखवायचा, नंतर बाकी कुणाला. आम्ही मोठा प्रिंट काढून नेला तेव्हा त्याच ताईंनी दोन ठिपके दुरुस्त करून दिले, आणि रात्री पाणी चढायला लागलं तर पोरांना घेऊन कुठल्या बाजूने बाहेर पडायचं हे बोटाने दाखवलं. आमच्या नकाशावरची ती सगळ्यात कामाची रेघ आहे.

हे काही आमचंच डोकं नाही. टांझानियातलं दार-ए-सलाम हे शहर पुराने दरवर्षी हैराण. तिथे २०१५ पासून विद्यापीठातले विद्यार्थी आणि वस्त्यांमधले रहिवासी यांनी मिळून 'रमानी हुरिया' या उपक्रमात गल्ल्या, गटारं, नाले, इमारती ओपनस्ट्रीटमॅपवर चढवल्या. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'खुला नकाशा'. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून चालू आहे, त्यात कुणीही भर घालू शकतं आणि कुणीही तो वापरू शकतं. आपल्याकडे कायद्याची अडचण आहे का, असं काही शिक्षक विचारतात. २०१६ साली एक विधेयकाचा मसुदा आला होता, त्यात परवानगीशिवाय नकाशाची माहिती वापरल्यास १०० कोटी रुपयांपर्यंत दंड होता! तो बारगळला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. संवेदनशील जागा सोडल्या तर वाट मोकळी आहे.

मग पुण्यात नकाशे नाहीत का? भरपूर आहेत. कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. महापालिकेने ती जीआयएसने केली, एकेका झाडाचं स्थान नोंदवलं, आकडा ४० लाखांच्या वर गेला आणि ती माहिती लोकांसाठी खुली केली. ही खरंच चांगली गोष्ट. माहिती खुली झाल्यामुळेच कळलं की आपल्या हिरव्या शहरातला मोठा वाटा गिरिपुष्पाचा आहे, म्हणजे मध्य अमेरिकेतून आलेल्या आणि टेकड्यांवर सरसकट लावलेल्या झाडाचा. नुसता आकडा ऐकून हे कळलं नसतं. माझा मुद्दा एवढाच : झाडांचं जे झालं ते ओढ्यांचं का होऊ नये?

पूररेषांचंच घ्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. लोक समजतात, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. वर्गात आम्ही गणित केलं : वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता साधारण ५६ टक्के निघते. निम्म्याहून जास्त! मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला धरलेली आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलेलं असताना सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. धरणाखाली ओढ्यांमधून येणारं पाणी वेगळं, नदीपात्रात झालेला भराव वेगळा. कागदावरची रेषा आणि भिंतीवरची रेघ यांची गाठ घालून देणारं कुणी नको का?

आणि वेळ कमी आहे. २०१७ ला ११ गावं शहरात आली, २०२१ ला २३. तिथे आज ओढे अजून ओढ्यासारखे दिसतात. पण प्लॉट पडताहेत, भराव येताहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक ओहोळाचं नाव ठाऊक आहे. आंबील ओढ्याचं दीडशे-दोनशे वर्षांत जे झालं ते तिथे दहा वर्षांत होईल, आणि मग आपण पुन्हा म्हणू, कुणालाच वाटलं नव्हतं.

म्हणून तीन गोष्टी मागते.

एक, ओढ्यांचे, पूररेषांचे आणि विकास आराखड्याचे नकाशे जीआयएस फायलींच्या रूपात खुले करावेत, वृक्षगणनेसारखे. पीडीएफ बघता येते, पण तिच्यावर आपला ठिपका ठेवून ताडून बघता येत नाही.

दोन, पूर आला की आठवड्याच्या आत विजेच्या खांबांवर, पुलांच्या कठड्यांवर पाण्याची उंची रंगवून तारीख घालावी. याला रंगाचा डबा आणि ब्रश एवढंच लागतं. माणसाची आठवण चार वर्षांत पुसट होते, घरं विकली जातात, नवी माणसं येतात. त्यांना ती रेघ दिसली पाहिजे.

तीन, प्रत्येक शाळेने आपल्या जवळच्या ओढ्याचा एक किलोमीटर घ्यावा आणि क्षेत्रभेट तिथेच करावी. समाविष्ट गावांतल्या शाळांनी तर याच वर्षी. शिक्षक मंडळी, कम्प्युटर लॅब बंद असेल तर फोन आणि वहीवर सुरू करा. क्यूजीआयएस कसं वापरायचं हे कुणाला हवं असेल तर रविवारी सकाळी शिकवायला मी तयार आहे, चहा तुमचा.

मुलांनी नकाशा केला म्हणून पूर थांबत नाही, हे मला कळतं. ती भिंत अजून तिथेच आहे. मुलांनी नकाशासह अर्ज दिलाय, पोच घेतली आहे, उत्तराची वाट बघताहेत. पण त्या गल्लीतल्या माणसांना आता माहीत आहे की पाणी कुठे तुंबतं आणि बाहेर कुठून पडायचं. पुढच्या सप्टेंबरच्या आधी एवढं तरी झालं.

जाता जाता एक काम. तुम्ही २०१९ ला आंबील ओढ्याकाठी किंवा २०२४ ला सिंहगड रस्त्यावर असाल, तर खाली लिहा : जवळची खूण कोणती, पाणी रस्त्यापासून किती वर आलं, साधारण किती वाजता. घराचं किंवा सोसायटीचं नाव नको. यंदाची नववी वाट बघते आहे.